हॅना एचआय७७२ केएच चेकर: आकडा कधी मानायचा, कधी पुन्हा मोजायचा

रीफ टाकीत, म्हणजे कोरल पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, दगडी कोरल जोमाने वाढायला लागले की सगळ्यात आधी हलते ती अल्कॅलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद. तिलाच केएच म्हणतात आणि ती डीकेएच या एककात मोजतात. कोरल सांगाडा बांधताना कार्बोनेट आणि कॅल्शियम ठरावीक प्रमाणात उचलतात. केएच १ डीकेएचने उतरला की कॅल्शियम साधारण ७ पीपीएमने (दशलक्षात ७ भाग) उतरतं. आठ डीकेएचमधला एक गेला तर लगेच कळतं, पण ४२० पीपीएम कॅल्शियममधले सात गेलेले घरगुती कॅल्शियम किटवर ओळखू येत नाहीत. त्यामुळे एकाच चाचणीसाठी चांगलं उपकरण घ्यायचं असेल तर ते केएचचं घ्यावं. हॅना कंपनीचा एचआय७७२ चेकर त्यासाठी घेण्यासारखा आहे. मात्र पडद्यावर दशांशात आकडा आला म्हणजे तो दशांशापर्यंत खरा, अशा समजुतीने घेऊ नये.

उपकरण मुठीत मावतं. एक बटण, आत एक एएए सेल, वर झाकणाखाली काचेची कुपी बसवायचा खड्डा. नमुना १० मिली, त्यात १ मिली द्रव रीएजंट (चाचणीचं रसायन). पट्टा ० ते २० डीकेएच. रीएजंटची एक बाटली २५ चाचण्यांची असते, म्हणजे रोज मोजणाऱ्याला महिनाभरही पुरत नाही. घेताना मॉडेल क्रमांक नीट वाचावा, कारण एचआय७५५ दिसायला तसाच आहे पण तो पीपीएममध्ये आकडा देतो. तो आधीच घरात असेल तर नवा घ्यायचं कारण नाही. आलेल्या आकड्याला १७.९ ने भागलं की डीकेएच मिळतो.

आता अचूकतेचं. कंपनी स्वतःच सांगते: २५ अंश सेल्सिअसला ०.३ डीकेएच इकडेतिकडे, शिवाय वाचनाच्या ५ टक्के. पडद्यावर ८.० आलं तर ०.३ अधिक ०.४, असा ०.७ चा फरक धरायला हवा. म्हणजे पाणी ७.३ असू शकतं किंवा ८.७. काल ८.१ होतं, आज ७.९ आलं म्हणून डोसिंग पंप (टाकीत केएच वाढवणारं द्रावण सोडणारा) वाढवणारा माणूस टाकीत नसलेल्या बदलामागे धावत असतो. पण ही मर्यादा वाटते तितकी जाचत नाही. त्याच कुप्या, तीच सिरिंज, तोच हात असेल तर चुकीचा मोठा भाग रोज एकाच दिशेला पडतो, आणि आकड्यांचा कल बऱ्यापैकी खरा निघतो. या चेकरची खरी किंमत त्या कलात आहे.

आकडा बिघडतो तो बहुतेक वेळा सिरिंजपाशी. रीएजंटमध्ये आम्ल आणि रंगसूचक दोन्ही असतात. पाण्यातली अल्कॅलिनिटी आम्लाला जितकी खाऊन टाकते तितका रंग पिवळ्याकडून हिरवट-निळ्याकडे सरकतो, आणि चेकर तो रंग वाचतो. आम्लाचं माप चुकलं की उत्तर चुकलंच. दट्ट्या पूर्ण आत दाबून टोक रीएजंटमध्ये बुडवायचं आणि दट्ट्याच्या काळ्या रबराची खालची कडा १.० च्या रेघेवर येईपर्यंत सावकाश ओढायचं. टोकाजवळ हवेची पोकळी राहिली तरी चालते, पण मधेच बुडबुडा अडकला तर सगळं परत बाटलीत सोडून पुन्हा भरावं. बाहेर काढल्यावर टोक पुसून घ्यायचं. तिथे लोंबकळणारा एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा असतो, म्हणजे एका मिलीत ५ टक्के चूक, कंपनी सांगते त्या ५ टक्क्यांएवढी. रिकामं करताना सिरिंज कुपीवर उभी धरून दट्ट्या शेवटपर्यंत दाबायचा.

नमुन्याचंही तसंच. कुपीवरची १० मिलीची रेघ डोळ्यांच्या पातळीला आणून, पाण्याच्या वक्र कडेचा तळ रेघेला टेकेल असं भरावं. वेगळी १० मिलीची सिरिंज ठेवली तर ही अटकळ करावीच लागत नाही.

पद्धत सोपी आहे. चालू केल्यावर पडद्यावर सी.१ येतं. तेव्हा नुसत्या टाकीच्या पाण्याची कुपी ठेवून बटण दाबायचं, म्हणजे शून्य ठरतं. सी.२ आलं की तीच कुपी बाहेर काढून रीएजंट घालायचं, झाकण लावून पाच वेळा हळूच उलटीसुलटी करायची आणि पुन्हा ठेवून बटण दाबायचं. घुसळायची नाही. जोरात हलवलं की काचेच्या आतल्या भिंतीला मोहरीपेक्षाही बारीक बुडबुडे चिकटतात आणि प्रकाश अडवतात. कुपी उजेडासमोर धरून ते दिसतात का पाहावं, दिसले तर नखाने टिचकी मारावी. बोटांचे ठसे आणि वाळलेल्या मिठाचा पांढुरका थरही असाच घात करतो. शून्य ठरवण्याआधी एकदा आणि दुसऱ्या वाचनाआधी एकदा काच मऊ, धागे न सोडणाऱ्या फडक्याने पुसायची. दोन्ही वेळा कुपीचं तोंड त्याच दिशेला हवं, त्यासाठी झाकणाखाली मार्करने बारीक खूण करून ठेवावी. काम झालं की लगेच आरओडीआय पाण्याने (गाळून क्षार काढलेलं शुद्ध पाणी) धुवावं आणि पुढच्या चाचणीआधी टाकीच्या पाण्याने दोनदा विसळावं. तळाशी आम्लाचा अंश राहिला तर पुढचा आकडा खाली येतो. ओरखडे पडलेली कुपी सरळ टाकून द्यावी.

पाणी केव्हा आणि कुठून घेता यानेही आकडा बदलतो. रोज एकच वेळ ठरवावी, आणि केएचचा डोस पडल्यावर निदान तासभर थांबावं. बाष्पीभवनाने उतरलेली पातळी आधी आरओडीआय पाण्याने भरून घ्यावी. पाण्याचा खारटपणा ३५ चा ३६ झाला तर ८.० चं पाणी ८.२ दाखवेल, आणि कोरलनी काहीच उचललं नाही असं वाटेल. खाणं घातल्यावर किंवा वाळू ढवळल्यावर पाणी गढूळ असतं, तेव्हा थांबावं.

चेकरची तपासणी करायची तर वेगळा मिळणारा मानक कुप्यांचा संच आहे, पण तो फक्त दिवा आणि सेन्सर तपासतो. तुमची सिरिंज आणि जुनं झालेलं रीएजंट त्यात सापडत नाही. त्यापेक्षा कामाची युक्ती ही: शुद्ध खाण्याचा सोडा २.४० ग्रॅम, ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर मोजून, आरओडीआय पाण्यात विरघळवून बरोबर १ लिटर करायचा. हे ८० डीकेएचचं पाणी झालं. यातलं १०० मिली घेऊन पुन्हा १ लिटर केलं की ८ डीकेएच. हे गोडं पाणी चेकरमध्ये घालू नये, कारण रंगसूचकावर मिठाचा परिणाम होतो आणि हे उपकरण खाऱ्या पाण्यासाठी जुळवलेलं आहे. या पाण्याने आधी थेंबांचं किट तपासायचं. सॅलिफर्टसारख्या किटमध्ये ४ मिली पाणी आणि सूचकाचे दोन थेंब घेऊन, निळसर रंग नारिंगी-गुलाबी होईपर्यंत सिरिंजने आम्ल सोडायचं असतं, तिथे गोडं-खारं फारसं आड येत नाही. किट ८ दाखवतंय याची खात्री झाली की त्याच किटने आणि चेकरने टाकीचं पाणी मोजायचं. दोघांत दरवेळी ०.४ चा फरक येत असेल तर तो वहीत लिहून ठेवावा आणि निश्चिंत व्हावं. दर नव्या बाटलीला मात्र ही तुलना पुन्हा करावी. बाटली बदलल्याच्या दिवशी आकडा अचानक अर्ध्या डीकेएचने सरकला तर टाकीला हात लावण्याआधी रीएजंटवर संशय घ्यावा.

आकड्यांचा उपयोग असा. डोसिंग दोन दिवस बंद ठेवा, रोज त्याच वेळी दोनदा मोजून सरासरी घ्या. ८.४ चं ७.४ झालं तर खप रोजचा ०.५ डीकेएच. १०० लिटर पाण्यात १ डीकेएच चढवायला खाण्याचा सोडा ३ ग्रॅम लागतो, धुण्याचा शुद्ध सोडा १.९ ग्रॅम, दुसरा पीएचही वर नेतो. म्हणजे २०० लिटर पाण्याला, खडक-वाळू वजा करून आणि सम्प (खालची जोडटाकी) धरून, रोज खाण्याचा सोडा ३ ग्रॅम. जोडीला कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट २.६ ग्रॅम. दोन्ही द्रावणं वेगळ्या वेळी, जोरदार प्रवाहात सोडावीत, नाहीतर एकमेकांना भेटून पांढरा साका होतो आणि दोन्ही वाया जातात. चुन्याची निवळी वापरत असाल तर संपृक्त निवळीचा १ लिटर १०० लिटर पाण्यात सुमारे १.१ डीकेएच आणि ८ पीपीएम कॅल्शियम देतो. एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त चढवू नये. नायट्रेट-फॉस्फेट अगदी कमी असलेल्या टाकीत केएच ७ ते ८ मध्येच ठेवावा. तिथे ११-१२ वर नेलं की ॲक्रोपोरा या दगडी कोरलची टोकं जळतात.

डोस वाढवूनही आकडा चढत नसेल तर चेकरला दोष देण्याआधी हीटर बाहेर काढून पाहा. त्यावर खरखरीत पांढरं कवच असेल तर सोडा कोरलकडे न जाता तिथे बसतोय. मॅग्नेशियम मोजा, ते १३०० पीपीएमच्या आसपास हवं. पाणी बदलण्याआधी नव्या पाण्याचाही केएच बघा. काही मिठं ७-८ डीकेएचची असतात, काही ११-१२ ची, आणि मोठा बदल केला की कलाची रेघ तिथेच तुटते.

फक्त मऊ कोरल आणि मशरूम कोरल असतील, पाणी नियमित बदलत असाल, तर हा चेकर नको. थेंबांचं किट आठवड्यातून एकदा भरपूर झालं. रंग ओळखायला त्रास होणाऱ्यांनी मात्र टाकी कसलीही असो, हाच घ्यावा. ॲक्रोपोरा किंवा मॉन्टीपोरा अशा दगडी कोरलनी भरलेल्या टाकीसाठी चेकरसोबतच दोन जादा कुप्या, एक जादा सिरिंज आणि रीएजंटची दुसरी बाटली मागवा. पहिलीत पाच चाचण्या उरल्या असतानाच दुसरी उघडा, म्हणजे दोन्हींची तुलना करता येईल.