मखमलाबादहून घेतलेली ऑनलाइन फिजिओथेरपी : लघवी गळण्यावरचा तीन महिन्यांचा कोर्स

शिंकताना, खोकताना, द्राक्षांनी भरलेलं कॅरेट (प्लास्टिकचा क्रेट) उचलताना लघवी गळते. द्राक्षाच्या हंगामात आमच्याकडे कितीतरी बायकांचं हे होतं, पण कुणी कुणाजवळ बोलत नाही. माझ्या दोन नॉर्मल डिलिव्हऱ्या, आणि धाकट्याच्या वेळेपासून मला हा त्रास. बागेत गंधकाची धुरळणी सुरू झाली की शिंका, आणि शिंकेबरोबर कपडे ओले. हार्वेस्टिंगच्या दिवसांत तर मी पाणीच कमी प्यायचे. शेवटी नाशिकमधल्याच एका फिजिओथेरपिस्ट मॅडमचा ऑनलाइन कोर्स केला. काय चांगलं, काय नाही, ते दोन्ही लिहिते.

ऑनलाइन का, तर मखमलाबादहून मॅडमचा गंगापूर रोडचा दवाखाना काही लांब नाही, पण एकत्र कुटुंबात दर आठवड्याला ‘कुठं चाललीस?’ याचं उत्तर द्यावं लागतं. दुपारी वरच्या खोलीला कडी लावून, कानात इअरफोन घालून अर्धा तास काढणं जमतं.

मला पहिला भरवसा वाटला तो मॅडमनी लगेच व्यायाम सुरू केला नाही म्हणून. आधी बाळंतपणांची सगळी माहिती घेतली. बद्धकोष्ठ आहे का, जुना खोकला आहे का, चहा किती होतो, हेही विचारलं. मग तीन दिवसांची नोंद लिहून मागितली: किती प्यायलं, कितीदा लघवीला गेले, कधी गळलं, तेव्हा काय करत होते. आणि स्पष्ट सांगितलं, एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन तपासून या, लघवीची तपासणी करा, मगच पुढे. त्याचं कारण मला पटलं. या व्यायामात पुष्कळ बायका लघवी अडवणारे स्नायू आवळायच्या ऐवजी खाली जोर देतात आणि मोबाइलच्या पडद्यावरून ते कुणालाच दिसत नाही. डॉक्टरांनी आतून तपासताना आवळायला लावलं, योग्य स्नायू आवळला जातोय याची खात्री केली, तेव्हा कुठे कोर्स सुरू झाला.

व्यायाम म्हणजे केगल. अमेरिकेतल्या अर्नोल्ड केगल या स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ साली ते मांडले, म्हणून ते नाव. मॅडम शिकवतात ते असं: गॅस अडवायचा आणि लघवीही अडवायची, दोन्ही एकदम, आतून वर ओढल्यासारखं. पोट, मांड्या, कुल्हे सैल. श्वास चालू. मोजत धरून ठेवायचं आणि तितकाच वेळ पूर्ण सोडायचं. हे सोडणं त्या दरवेळी आठवणीने करून घ्यायच्या. त्यानंतर झटपट आवळ-सोड. आधी झोपून, जमलं की बसून, मग उभ्याने. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दिवसातून ३ वेळा, दरवेळी किमान ८ आकुंचनं, आणि तेही देखरेखीखाली किमान ३ महिने, असा हिशेब त्यांनी पहिल्याच दिवशी समजावला. लघवी करताना मध्येच धार अडवून सराव करायचा नाही, हेही बजावलं.

सगळ्यात लवकर उपयोग झाला तो एका साध्या गोष्टीचा. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं. कॅरेटला हात घालायच्या आधीही तेच, आणि उचलताना श्वास सोडत उचलायचं. मॅडमनी मला व्हिडिओवर रिकामं कॅरेट उचलायला लावलं, गुडघ्यात वाकून ते अंगाशी धरायला शिकवलं. मोबाइलवर शिकण्याचा हा फायदा मी आधी धरलाच नव्हता. दवाखान्यात माझं कॅरेट कुठून येणार? पाणी तोडू नका, लघवी घट्ट झाली की मूत्राशयाची जळजळ वाढते, हे सांगितल्यावर बागेतली माझी बाटली पुन्हा भरायला लागली.

आता तक्रारी. व्यायामाचे व्हिडिओ सगळे इंग्रजीत आहेत. मॅडम स्वतः इतकं सुंदर मराठी बोलतात, तर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात तसे मराठी ऑडिओ सगळ्याच व्यायामांचे हवेत. माझ्या जाऊबाईंना ते व्हिडिओ कळणार नाहीत. ग्रुपचा कॉल संध्याकाळी ऐन भाकरीच्या वेळेला ठेवतात. कॅमेरा बंद ठेवायची मुभा आहे, नाव लपवता येतं, हे मात्र फार चांगलं. त्यामुळेच बायका तिथे मोकळं बोलतात. बागेत रेंज नाही, त्यात त्यांचा दोष नाही.

गुण किती आला? साधी शिंक, खोकला, पायऱ्या, यात आता गळत नाही. सप्तशृंगी गडावर जाऊन आले, पर्समधलं पॅड तसंच परत आलं. ट्रॉलीवरून उडी मारली तर अजून थेंब जातात. तिसऱ्या महिन्यात खरा फरक पडला. पहिल्या महिन्यात काहीच कळत नाही आणि तिथेच बायका सोडून देतात. दर आठवड्याला विचारणारं कुणी होतं म्हणून मी टिकले. नुसतं ॲप घेऊन मला तरी जमलं नसतं. स्वीडनच्या उमिओ विद्यापीठाने मात्र असं ॲप काढून त्याच्या चाचण्याही घेतल्या आहेत आणि बायकांना घरच्या घरी फायदा झाल्याचं त्यांत दिसलं.

लघवीत रक्त, जळजळ, ताप, अंग बाहेर आल्यासारखं वाटणं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर. दुसऱ्या कुणाकडे असा कोर्स घेणार असाल तर शिकवणारी बाई शिकलेली फिजिओथेरपिस्ट आहे का, कॉल रेकॉर्ड होतो का, हे पैसे भरण्याआधी विचारा. तपासणीचं नावही न काढता जो पैसे घेतो, त्याच्याकडे जाऊ नका.

माझ्याकडून पाचपैकी चार. फी एकरकमी सांगतात, पण विचारल्यावर मला दोन हप्ते करून दिले. आता जाऊबाईंनीही नाव घातलंय. त्यांचा कॉल असतो त्या दुपारी स्वयंपाकघर मी बघते.