खेडं की बाजाराचं गाव? अमेरिकेहून इंग्लंडच्या ग्रामीण भागात येणाऱ्या जोडप्यासाठी

अमेरिका सोडून इंग्लंडला यायचं ठरलं, व्हिसा हातात पडला, लंडन-बर्मिंगहॅमच्या गर्दीत राहायचं नाही हेही पक्कं झालं, की मग एकच मोठा प्रश्न उरतो. घर अगदी खेड्यात बघायचं की जवळच्या बाजाराच्या गावात? आम्ही दोन्हीकडे राहून पाहिलं. न्यू जर्सीत बरीच वर्षं काढलेले, अमेरिकन पासपोर्टवाले आम्ही नवरा-बायको श्रॉपशरमध्ये आलो ते बायकोला हेरेफर्डच्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून. (नुसतं निवृत्त होऊन, गाठीला पैसे आहेत म्हणून येता येत नाही. तो व्हिसा ब्रिटननं २००८ मध्येच बंद केला.) आधी कॉर्व्हडेलमधल्या एका खेड्यात भाड्यानं राहिलो, नंतर जवळच्या लडलो या बाजाराच्या गावात. अजून लडलोमध्येच आहोत. त्यावरून काय समजायचं ते समजा, पण खेड्याची बाजू काही लेचीपेची नाही.

काउन्सिल टॅक्स, टीव्ही लायसन्स, रविवारी मोठी दुकानं सहाच तास उघडी असणं, आठवड्याआड बदलणारे कचऱ्याचे डबे, या गोष्टी दोन्हीकडे सारख्याच. त्यावर वेळ घालवत नाही.

खेड्यातलं घर मला आजही आठवतं. दगडी, जाड भिंतींचं, मागे सफरचंदाची झाडं. लडलोमध्ये तेवढ्याच भाड्यात एक खोली कमी आणि बागेच्या नावाखाली फरशीचा चौकोन मिळतो. दाराबाहेर पडलं की समोरच्या शेतातून पायवाट. अमेरिकेत कुणाच्या रानात पाय टाकायचा म्हणजे आधी पाटी शोधायची आणि मग मालकाकडे बंदूक आहे का याचा विचार करायचा. इथे पायवाट उभ्या पिकातून जात असली तरी ती सार्वजनिक असते आणि नांगरट झाल्यावर शेतकऱ्याला ती ठरावीक मुदतीत पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा नारिंगी कव्हरचा नकाशा घ्या, त्यावरच्या हिरव्या तुटक रेषा धरून चालत सुटा. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही दुसरं फारसं काही केलंच नाही.

माणसांच्या बाबतीतही खेडं उजवं. आठवडाभरात सगळ्या गावाला कळलं होतं की ‘ते अमेरिकन’ आले आहेत. मी साताऱ्याचा, बायको डोंबिवलीची, पण आमचे उच्चार ऐकून गावानं आम्हाला अमेरिकन ठरवलं आणि व्हिलेज हॉलमधल्या क्विझमध्ये बेसबॉलचे प्रश्न आमच्या गळ्यात टाकले. दोघांनाही बेसबॉलमधलं काही कळत नाही. लडलोमध्ये अशी चौकशी कुणी करत नाही. दहा-अकरा हजारांच्या वस्तीत तुम्ही आलात काय, गेलात काय, शेजारच्या दोन घरांपलीकडे कुणाला पत्ता नसतो. ज्यांना ओळखीपाळखी हव्यात त्यांनी हा मुद्दा जमेस धरावा.

आता गरम पाणी आणि उबेबद्दल. आमच्या खेड्यात गॅसची पाइपलाइन नव्हती, आजूबाजूच्या खेड्यांतही नव्हती. परसात हिरव्या प्लॅस्टिकची टाकी आणि तिच्यात हीटिंग ऑइल, म्हणजे आपलं रॉकेलच. साधारण ५०० लिटरच्या खाली कुणी टँकर पाठवत नाही, त्यामुळे एकदम मोठी रक्कम जाते. गॅस आणि विजेच्या दराला ऑफजेम या सरकारी नियामकाची कमाल मर्यादा आहे, तेलाला नाही. गावकरी मिळून एकत्र ऑर्डर देतात आणि भाव थोडा पाडून घेतात, ते मात्र झकास चालतं. टाकीत किती उरलंय यावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे होतं आणि जानेवारीत मी ते फार मनापासून करत असे. लडलोमध्ये गॅस आहे, बिल महिन्याला जातं, विषय संपला. तरी तेलामुळे कुणी खेडं सोडू नये. सवय होते. सेप्टिक टँकचीही होते. घर विकत घेणार असाल तर एवढंच करा: टँकचं पाणी नेमकं कुठे जातं हे सॉलिसिटरकडून लेखी घ्या, कारण थेट ओढ्यात सोडणारी टँक आता नियमात बसत नाही आणि नवी व्यवस्था करण्याचा खर्च मोठा असतो.

जुन्या, सरकारच्या वारसा यादीत नोंदलेल्या इमारतींची कटकट फक्त खेड्यात असते असं अनेकांना वाटतं. लडलोमध्येच अशा पाचशेच्या आसपास इमारती आहेत. त्यातली एखादी घेतलीत तर खिडकीची काच बदलायलाही परवानगी लागू शकते आणि परवानगीशिवाय बदल करणं हा फौजदारी गुन्हा आहे. या बाबतीत दोन्हीकडे तेच.

आमचा काटा ज्या गोष्टीनं फिरला ती तशी क्षुल्लक वाटेल. ड्रायव्हिंग लायसन्स.

अमेरिकन लायसन्सवर ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते. त्यानंतर ते लायसन्स इथे निरुपयोगी. बदलूनही मिळत नाही. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जपान, दक्षिण आफ्रिका, एवढंच काय झिंबाब्वे आणि बार्बाडोसच्या माणसाला ते बदलून मिळतं, अमेरिकन माणसाला नाही. भारतीय लायसन्सचीही तीच गत, तेव्हा जुनं आरटीओचं पुस्तक ट्रंकेतून काढण्यात अर्थ नाही. तीस वर्षं टर्नपाइकवर गाडी हाकलेली असो, इथे तुम्ही नवशिके. प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ लायसन्स काढा, थिअरीच्या ५० प्रश्नांत ४३ बरोबर आणा, स्क्रीनवर धोके ओळखा, मग परीक्षकाला शेजारी बसवून चाळीस मिनिटं चालवून दाखवा. पंधरापर्यंत किरकोळ चुका माफ, गंभीर एक झाली की नापास. ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिलीत तर पुढे फक्त ऑटोमॅटिकच चालवता येते.

परीक्षा अवघड आहे असं मी म्हणणार नाही. अडचण तारखेची असते. आम्ही शोधत होतो तेव्हा कित्येक महिने पुढची तारीख दिसत होती आणि नापास झालं की पुन्हा त्याच रांगेत. आणि जोडप्यांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की दोघं एकाच विमानानं आलेली असतात. दोघांची मुदत एकाच दिवशी संपते. प्रोव्हिजनलवाल्याला शेजारी बसवायला तीन वर्षं जुनं पूर्ण लायसन्स असलेलं माणूस लागतं, म्हणजे नवरा-बायको एकमेकांच्या उपयोगाचे नाहीत. गाडी दारात उभी, तिचा विमा चालू (परदेशी लायसन्सवर आम्हाला सांगितलेले विम्याचे आकडेही बघण्यासारखे होते), आणि घरात ती चालवू शकणारं कुणी नाही.

बस? इंग्लंडमध्ये बहुतेक बसचं एका फेरीचं भाडं २०२५ पासून ३ पौंडांच्या वर जात नाही. सोय उत्तम आहे, फक्त बस यायला हवी. आमच्या खेड्यात ती दुपारनंतर नसायची आणि रविवारी मुळीच नसायची. बायकोची ड्यूटी बसच्या वेळा बघून लागत नव्हती. टॅक्सी लडलोहून बोलवायची म्हणजे ती रिकामी येण्याचेही पैसे आपण द्यायचे, आणि रात्री उशिरा तर फोनवरच नकार. डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो, रस्त्यावर दिवे नाहीत, रस्ता एका गाडीपुरता, दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच झुडपांची कुंपणं, आणि वेगमर्यादा कागदोपत्री ताशी ६० मैल. तिथून चालत जाणं म्हणजे वेडेपणा.

मग शेजारी होते. शेजारची बाई सत्तरीच्या पुढची, स्वतःहून म्हणाली, मी सोडते स्टेशनवर. तिनं सोडलंही, कधी कपाळाला आठी नाही. पण आपण मराठी माणसं, आपल्याला भीड पडते. पहिल्यांदा केक नेऊन दिला, मग तिच्या बागेतली पानं गोळा केली, मग पेट्रोलचे पैसे देऊ केले तर तिला वाईट वाटलं. पुढे पुढे तिच्या दारावरून जाताना तिला आपण आज पुन्हा काही मागणार असं वाटत असेल का, हा विचार डोक्यातून जाईना. ज्या शेजारधर्मासाठी खेड्यात राहायचं तोच असा हिशेबाचा होऊन बसला. तिला त्यात काही वाटत नव्हतं असं बायकोचं मत आहे, आणि ते खरंही असेल. मला वाटत होतं, आणि माझ्यासाठी प्रश्न तिथेच मिटला.

लडलोमध्ये आल्यावर ही अडचण उरलीच नाही. स्टेशन चालत दहा मिनिटांवर. हेरेफर्ड आणि श्रूजबरी, दोन्हीकडे ट्रेननं अर्ध्या तासाच्या आत-बाहेर. किल्ल्यासमोरच्या चौकात सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार बाजार भरतो. ताजी भाजी, चीज, मांस, जुन्या वस्तू, सगळं हातात पिशवी घेऊन जाऊन आणता येतं. मेथी आणि कढीपत्ता तिथे मिळत नाही, त्यासाठी श्रूजबरीला ट्रेन बदलून वुल्व्हरहॅम्पटनच्या पंजाबी दुकानांत जावं लागतं, पण तेही लायसन्सशिवाय जमतं. खेड्यात राहत होतो तेव्हा दूध-अंडी सोडून सगळ्यासाठी शेवटी लडलोलाच तर यायचो.

डॉक्टरांचंही तसंच. खेड्यात एक सोय खरी होती. केमिस्टपासून १.६ किलोमीटरपेक्षा लांब राहणाऱ्या ग्रामीण रुग्णाला दवाखान्यातूनच औषधं देता येतात आणि आमच्या डॉक्टरांकडे ती मिळत. पण दवाखाना स्वतः दुसऱ्या खेड्यात, आणि तिकडे जायला पुन्हा गाडी. इथे दवाखाना वेगळा आणि केमिस्ट वेगळा, पण दोन्हीकडे पायी जाता येतं.

आणि पायवाटा? मला वाटलं होतं त्या गमवाव्या लागतील. डिनहॅम पुलावरून टीम नदी ओलांडली की व्हिटक्लिफची चढण सुरू होते, वरून किल्ला आणि सेंट लॉरेन्स चर्चचा मनोरा दिसतो, पलीकडे मॉर्टिमर फॉरेस्ट. दारातून निघून पहिली पाच मिनिटं तेवढी डांबरावरून चालावं लागतं. रात्रीचं आभाळ मात्र गेलं. खेड्यात आकाशगंगा घराच्या पायरीवरून दिसायची, इथे दिवे आहेत.

आता दोघांकडेही ब्रिटिश लायसन्स आहे. बायकोला आधी मिळालं, मला बरंच नंतर. खेड्यातल्या रस्त्यांवर ज्याची खरी गरज पडते, म्हणजे समोरून ट्रॅक्टर आला की वळणावरून मागे मागे जात रुंद जागा गाठणं, ते परीक्षेत कुणी विचारलंच नाही. मग परत खेड्यात जाल का, असं लोक विचारतात. जाऊही कदाचित. घाई नाही.

तुम्ही कॅनडाहून येत असाल, किंवा दोघांपैकी एकानं आधी येऊन लायसन्स काढलं असेल, किंवा दोघंही घरून काम करत असाल, तर माझा हा सगळा मुद्दा गळून पडतो आणि मग खेड्याला नाही म्हणणं कठीण आहे. घोडा किंवा दोन मोठी कुत्री असतील तर मला विचारूच नका. बाकीच्यांनी निदान पहिलं वर्ष-दीड वर्ष स्टेशन असलेल्या गावात भाड्यानं काढावं असं मला वाटतं. आल्या आल्या प्रोव्हिजनलचा अर्ज टाका आणि घर लागण्याआधी थिअरी उरकून घ्या. तिचा निकाल दोन वर्षं चालतो.

लडलोच बघणार असाल तर भाव पाहून नदीकाठच्या घराला लगेच हो म्हणू नका. सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की पुराचा धोका कळतो. जून २००७ च्या पुरात कॉर्व्ह नदीवरचा बर्वे पूल कोसळला होता. चढावरच्या गल्ल्यांत हा धोका कमी, पण तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. पहिलं वर्ष सरून लायसन्सची मुदत संपल्यावर गाडी तशीही विकायचीच असेल, तर चढावरचंच घर घ्या.