बिचारा कशाला म्हणायचं? बस्टर कीटनच्या मूकपटांचे शो, गंगापूर रोड, नाशिक

ज्यांना फक्त जायचं की नाही एवढंच हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगतो, जा. चार रविवार, एका शोचे 250 रुपये, चारही एकदम घेतले तर 800, समोर बसून वाजवणारे पेटी-तबलावाले, मध्ये चहा आणि साबुदाणा वडा (वड्याचे पैसे वेगळे, पण वडा गरम असतो). पिक्चर भारी, वाजवणारे भारी, पडदा ठीकठाक, खुर्च्या बेकार, आणि निवेदन... त्या निवेदनासाठीच एवढं सगळं टाइप करायला बसलोय.

चार्ली आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहितीय, गणपतीच्या देखाव्यात सुद्धा असतो. बस्टर कीटन म्हटलं की मात्र लोक विचारतात कोण हा? तर हा माणूस चार्लीच्याच काळातला, चपटी टोपी, आणि कायम गंभीर चेहरा, म्हणजे घर कोसळो, रेल्वे अंगावर येवो, मागे शंभर पोलीस लागो, याच्या चेहऱ्यावर एक रेष हलणार नाही. 1895 चा जन्म, आईबाप दोघं स्टेजवर खेळ करणारे, आणि लहानपणापासून बाप याला उचलून स्टेजभर फेकायचा, त्यासाठी कपड्यांना मागून बॅगेची मूठ शिवलेली असायची. आपण स्वतः हसलो की लोक कमी हसतात हे त्याला तेव्हाच कळलं. पुढे 1917 ला न्यूयॉर्कमध्ये रॉस्को आर्बकल नावाच्या तेव्हाच्या मोठ्या विनोदी नटाने त्याला सिनेमात घेतलं आणि तिथून सुरू झालं.

आता 1917 म्हणजे फाळक्यांच्या 'लंकादहन'चं साल. आणि 1918 ला तर हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी इथेच, आपल्या नाशकात. म्हणजे तो तिकडे दोन-दोन रिळांच्या पिक्चरमध्ये आपटत होता तेव्हा इकडे आपल्या गावात मूकपट बनत होते. चार रविवारांत याचा एकदाही उल्लेख नाही! पांडवलेणीच्या पायथ्याशी एवढं स्मारक आहे, नाशकात बसून मूकपट दाखवताय आणि फाळके नाहीत? 'द प्लेहाऊस' (1921) लावला तेव्हा तर आयती संधी होती. त्यात कीटन एकटाच वाजवणारे, नाचणारे, प्रेक्षक, प्रेक्षकांतली म्हातारी, सगळं झालाय, एकाच फिल्मवर पुन्हा पुन्हा शूट करून एका ओळीत नऊ नऊ कीटन उभे केलेत, आणि हॉलमध्ये लोक असे हरखले होते की तेव्हाच कुणीतरी उठून सांगायला हवं होतं की 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंक्यांनी राम पण केला आणि सीता पण केली, त्याच्या चार वर्षं आधी. असो.

पहिला रविवार छोट्या पिक्चरचा, आणि मुलांना आणायचं असेल तर हाच आणा. 'वन वीक' (1920) मध्ये नवरा-बायकोला लग्नात तयार भागांचं घर भेट मिळतं, खोक्यांवरचे नंबर कुणीतरी बदलून ठेवतो, आणि मग ते वाकडंतिकडं घर वादळात भिंगरीसारखं गरगर फिरतं. शेवटी ते घर ओढत नेताना रेल्वेच्या रुळावर अडकतं. समोरून गाडी येते. माझ्या पुढच्या रांगेत एक सात-आठ वर्षांचा मुलगा खुर्चीवर उभा राहून ओरडायला लागला, "अरे ढकल ना, ढकल!" गाडी येते आणि शेजारच्या रुळावरून निघून जाते, घराला काही होत नाही. मुलगा हुश्श करून खाली बसला. आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने दुसरी गाडी येऊन घराचा भुगा करून जाते. त्या पोराचं तोंड बघायला पाहिजे होतं. शंभर वर्षांपूर्वीचा जोक, एक शब्द नाही, नाशिकच्या पोरावर फिट बसला.

तबलजीचं पहिल्या दिवशी जरा जास्त झालं, कीटन पडला की धा, उठला की धा, अहो तो पडलाय हे दिसतंय आम्हाला. पण दुसऱ्या शोपासून माणूस सावरला आणि नंतर त्याने जे वाजवलंय त्याला तोड नाही, रेल्वेच्या पाठलागाला नुसता चढत जाणारा केरवा, बस्स. पेटीवाल्या ताई तर पहिल्यापासूनच उत्तम, कुठे थांबायचं हे त्यांना बरोबर कळतं.

एक चांगली गोष्ट म्हणजे पिक्चरचा वेग त्यांनी नीट ठेवलाय. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला कुठे 16 फ्रेम, कुठे 20, कुठे त्याहून जास्त, आणि यूट्यूबवरच्या फुकट प्रिंटमध्ये सगळं एकाच स्पीडला दामटलेलं असतं म्हणून माणसं मुंग्यांसारखी पळताना दिसतात आणि वर कुठलं तरी बाजाचं म्युझिक चिकटवलेलं. या पिक्चरचा कॉपीराइट संपलाय त्यामुळे कुणीही काहीही टाकतं. ज्यांनी कीटन फक्त मोबाइलवर तसा पाहिलाय त्यांनी पाहिलाच नाही असं समजा.

'द जनरल' (1926) दुसऱ्या रविवारी. माझ्यासोबत आत्या आली होती, तिला इंग्रजी पिक्चर म्हटलं की झोप येते, ती यात एकदाही पेंगली नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धातली गोष्ट, कीटन इंजिन ड्रायव्हर, त्याचं दोघांवर प्रेम, एक इंजिन आणि एक मुलगी. सैन्यात भरती व्हायला जातो तर घेत नाहीत, कारण ड्रायव्हर म्हणून तो जास्त कामाचा, पण हे त्याला कुणी सांगतच नाही. तो हिरमुसून इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या लोखंडी दांड्यावर जाऊन बसतो, इंजिन सुरू होतं, दांडा वर-खाली होत जातो आणि हा त्याच्यावर बसल्या बसल्या वर-खाली होत शेडमध्ये निघून जातो, त्याला पत्ताच नाही. चाक जरा जोरात सुटलं असतं तर माणूस गेला असता, आणि हे खरंखुरं केलंय, कुठे ट्रिक नाही. मग पुढे ती मुलगी धावत्या इंजिनात त्याला मदत करते, म्हणजे काय तर भट्टीत टाकायला आलेलं लाकूड भोक आहे म्हणून फेकून देते आणि मग काडीएवढी काटकी अलगद उचलून भट्टीत टाकते. तो तिच्याकडे बघतो, एक सेकंद तिचा गळा धरतो, आणि लगेच मुका घेतो. आत्या इतकी हसली की शेजारच्या काकांनी वळून पाहिलं. "हे आमच्या घरातलंच आहे," म्हणाली.

पूल जळून इंजिन नदीत कोसळतं तो शॉट ओरेगॉनमध्ये खऱ्या पुलावर, खऱ्या इंजिनाचा घेतलाय, त्या एकाच शॉटला तेव्हाचे 42,000 डॉलर लागल्याचं सांगतात. आणि एवढं करून पिक्चर खर्चाच्या मानाने चाललंच नाही. इथे एक राहिलं ते पण सांगतो, कीटन या पिक्चरमध्ये दक्षिणेच्या बाजूने आहे, म्हणजे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्यांच्या, आणि त्याच्या काही पिक्चरमध्ये कृष्णवर्णीयांची नक्कल म्हणून तोंडाला काळं फासून केलेले विनोदही आहेत. यावर दोन वाक्यं तरी बोलायला हवी होती. बोलायला वेळ तर भरपूर होता त्यांच्याकडे.

तर निवेदन. एक काका आहेत, अभ्यास दांडगा, आवाज छान, आणि पडद्यावर मध्ये मध्ये येणाऱ्या संवादांच्या इंग्रजी पाट्या मराठीत वाचून दाखवतात ही कल्पना एकदम बरोबर, ज्येष्ठ मंडळींची सोय होते. फक्त वाचतात उशिरा, त्यामुळे पडद्यावर जोक होऊन जातो आणि मग पाटी ऐकू येते. त्यात कीटन स्वतः सांगायचा की बाकीच्यांच्या पिक्चरमध्ये 240 पाट्या असायच्या, माझ्या जास्तीत जास्त 56. म्हणजे ज्या माणसाने जन्मभर शब्द कमी केले त्याच्यावर इथे प्रत्येक शोला आधी वीस मिनिटं आणि नंतर पंधरा मिनिटं भाषण.

आणि भाषणाचा सूर काय, तर बिचारा. बिचाऱ्याला लहानपणी बापाने आपटलं, बिचाऱ्याची मान मोडली, बिचाऱ्याला कंपनीने फसवलं, बिचारा दारूत बुडाला. तिसऱ्या रविवारी तर दिवे मंद करून पेटीवर करुण काहीतरी वाजवायला लावलं.

आता यातलं खोटं काहीच नाही, ते मान्य. 'शेरलॉक ज्युनियर' (1924) च्या शूटिंगला रेल्वेच्या टाकीचं पाणी अंगावर कोसळून तो रुळावर आपटला आणि मानेचं हाड मोडलं होतं, हे त्याला कित्येक वर्षांनी एक्स-रेमध्ये कळलं. 1928 ला स्वतःचा स्टुडिओ सोडून एमजीएम या बड्या सिनेमा कंपनीत गेला आणि हातातलं सगळं स्वातंत्र्य गेलं, दारू वाढली, 1932 ला घटस्फोट, 1933 ला कंपनीने काढून टाकलं. वाईटच झालं. पण काका जे सांगत नाहीत ते हे, की एमजीएमचे ते बोलपट चांगले चालले होते! 'द जनरल' आपटला आणि जे पिक्चर त्याला स्वतःला आवडत नव्हते त्यांनी पैसे कमावले. हे बिचारा म्हणण्यापेक्षा कितीतरी जास्त कडू आहे आणि जास्त इंटरेस्टिंग आहे. डबिंग बसलं नव्हतं तेव्हा त्याच्याकडून स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन संवाद पाठ करून घेऊन तेच पिक्चर पुन्हा शूट करायचे, मूकपटातल्या या माणसाला चार भाषांत बोलायला लावलं, यावर एक अख्खा शो होऊ शकला असता.

आणि त्यानंतर तो संपला का? नाही ना. स्वस्तातल्या छोट्या पिक्चरमध्ये काम केलं, त्याच एमजीएममध्ये पगारावर दुसऱ्यांसाठी विनोद लिहिले, 1940 ला एलेनॉरशी लग्न केलं आणि ते शेवटपर्यंत टिकलं, 1952 ला चार्लीबरोबर 'लाइमलाइट'मध्ये आला, टीव्ही केला, जाहिराती केल्या. जुन्या प्रिंट सापडत गेल्या, ऑस्कर मिळालं, 1965 ला व्हेनिसच्या महोत्सवात लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याच वर्षी कॅनडात 'द रेलरॉडर', सत्तरीचा म्हातारा रेल्वेच्या छोट्या मोटार-ट्रॉलीवर बसून अख्खा देश पार करतो, चालत्या ट्रॉलीवर चहा करतो, कपडे वाळत घालतो, आणि चेहरा तोच. 1966 च्या फेब्रुवारीत गेला, तोपर्यंत काम चालूच.

चौथ्या रविवारी 'द रेलरॉडर' लावला याबद्दल आयोजकांना शंभर मार्क, बहुतेक जण 1928 ला येऊन थांबतात. पण काकांनी त्याच्या आधीही "या थकलेल्या जीवाची शेवटची धडपड" वगैरे सुरू केलं. अहो कुठला थकलेला जीव, तो माणूस पुलावरून धावत्या ट्रॉलीवर नकाशात गुंडाळला जातोय आणि हॉल हसतोय! ज्याने पन्नास वर्षं प्रेक्षकांकडे दया मागितली नाही, चेहऱ्याने सुद्धा नाही, त्याच्यासाठी तुम्ही का मागताय?

तिसऱ्या रविवारचं 'स्टीमबोट बिल ज्युनियर' (1928) बघाच. वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर पडते आणि तो वाचतो, कारण तो बरोबर वरच्या खिडकीच्या जागी उभा असतो. भिंत खरी, वजन दोन टनांच्या आसपास, खिडकी आणि खांदा यांच्यात इंचांचं अंतर. तिथे तबलजीने हात उचलून घेतले, पेटी थांबली. भिंत पडली. कुणी हसलं नाही, दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग एकदम सगळा हॉल. त्या तीन सेकंदांत कीटनबद्दल जे कळतं ते पस्तीस मिनिटांच्या भाषणात नाही.

शो संपल्यावर मी काकांना भीतभीतच म्हटलं, "काका, पुढच्या वेळी जरा कमी बोललात तर?" तर म्हणाले, "अहो, संदर्भ दिला नाही तर लोकांना कळत नाही." मी म्हटलं ते पुढच्या रांगेतलं पोर बघितलंत ना? हसले, म्हणाले बघू. माणूस चांगला आहे, तेवढं बिचारा सोडलं तर.

बाकी छोट्या तक्रारी: संध्याकाळी साडेपाचला सुरू करतात तेव्हा पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येतं आणि पडद्याचा डावा कोपरा पांढरा पडतो, काळा कापड लावा, शंभर रुपयांचं काम आहे. प्लास्टिकच्या खुर्च्या सरकतात, दीड तासाने कंबर बोलायला लागते, ज्येष्ठांनी उशी घेऊन जा. जिना आहे, लिफ्ट नाही. गाडी लावायला खाली जागा कमी, दुचाकीच न्या. बुकिंग फोनवरच, आणि फोन उचलायला वेळ लागतो.

पुढच्या महिन्यात हॅरॉल्ड लॉइड आहे म्हणे, तो घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं 1919 ला फोटो काढताना बॉम्ब फुटून गेली होती आणि ते घड्याळाचं सगळं त्याने त्यानंतर केलंय, त्यामुळे काकांना पुन्हा खाद्य आहेच. तिकीट काढलंय. मला पाचपैकी साडेतीन द्यायचेत, त्यातला अर्धा फक्त तबलजीचा.