किड्यांच्या डब्यांचं किट: साडेतीन स्टार, तेही फक्त डब्यांना

मी कोकणात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. परिसर अभ्यासात प्राण्यांचा प्रकल्प म्हटलं की आजवर एकच प्रकार, दुकानातून चित्रांचा कागद आणायचा, वाघ-सिंह कापून वहीत चिकटवायचे, खाली अन्न निवारा वगैरे लिहायचं, आणि ते अक्षर आईचं आहे हे मलाही माहीत असतं आणि आईलाही. यंदा म्हटलं पोरांना खरंच काहीतरी शोधू दे, म्हणून जुलैमध्ये पदरचे 699 रुपये घालून हे किट ऑनलाइन मागवलं. झाकणात भिंग असलेल्या सहा डब्या, दोन चिमटे, एक इंग्रजी ॲक्टिव्हिटी बुक.

पुस्तकाचं आधी उरकते. पांडा, पेंग्विन, रिकाम्या जागा भरा, आणि उत्तरं मागच्या पानावर. मग शोधायचं काय, कपाळ? रद्दीत गेलं. चिमटेही टोकदार आहेत, अळी धरायला तर अजिबात नको, चित्रकलेचा मऊ ब्रश वापरा, अळी स्वतःहून त्यावर चढते. एक झाकण तडकलेलं आलं, विक्रेत्याला दोनदा लिहिलं, अजून उत्तर नाही, सेलोटेपवर चाललंय.

आता डब्या. भिंग ठीकठाक आहे, फोकस एकाच अंतरावर, म्हणजे किडा तळाशी असला तरच स्पष्ट आणि भिंतीवर चढला की सगळं धूसर, आणि किडे भिंतीवरच चढतात. पण तळाला 5 मिलिमीटरच्या चौकोनांची जाळी छापलीय ना, त्यासाठी मी पैसे परत मागणार नाही. त्या जाळीमुळे पोरं "केवढी मोठी अळी" म्हणायची थांबली आणि "आज सहा घरं झाली बाई" म्हणायला लागली. (स्पिरिटने पुसू नका, छपाई जाते. माझी एक गेली.)

पहिल्या आठवड्यात नुसते प्रश्न फळ्यावर लिहिले आणि दोन ढीग केले, बघून कळेल असे आणि कोणाला तरी विचारूनच कळेल असे. पावसात आमच्याकडे पैसा किडा पायलीला पन्नास, त्यामुळे पहिला प्रश्न, पैशाला पाय किती? आधी सगळे एकेक पाय मोजत बसले आणि दर वेळी चुकले, मग एका पोरीने डबी वर उचलून खालून बघितलं आणि म्हणाली एकेका कड्याला चार आहेत, कडी मोजा आणि चारने गुणा! पुढच्या तीन-चार कड्यांना कमी पाय निघाले म्हणून परत वजाबाकी. पाच गटांची पाच उत्तरं आली, मी "कोणाचं तरी चुकलंय" म्हणणार होते तेवढ्यात जीभ चावली, कारण पैसा कात टाकतो तेव्हा त्याची कडी आणि पाय वाढतात, दोन पैशांचे पाय सारखे असतीलच असं नाही. हात मात्र साबणाने धुवायला लावा, त्याच्या अंगातून निघणारा रस डोळ्यात गेला तर झोंबतो.

खरी मजा कढीपत्त्यावरच्या अळीत. लहान असताना अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार, आणि ब्रश लावला की डोक्यामागून लाल दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि भयंकर वास. पोरांनी तिला पेरू, आंबा, लिंबू, बेल असं सगळं देऊन बघितलं. पेरू-आंब्याला तोंड लावलं नाही. लिंबाचं पान बराच वेळ विचार करून खाल्लं, बेलाचंही कुरतडलं. मग का? एकाचं म्हणणं वासाचं पान लागतं. दुसऱ्याने लिंबाचं पान उजेडात धरून भिंगातून बघितलं, आत बारीक पारदर्शक ठिपके, म्हणजे ठिपक्यांचं पान लागतं! दोन दिवस वर्गात ठिपक्यांचा सिद्धांत चालला, आणि मग कोणीतरी पेरूचं पान उजेडात धरलं, त्यातही बारीक ठिपके. सगळं मुसळ केरात. लिंबू, कढीपत्ता, बेल एकाच कुळातले हे मी शेवटी सांगितलं, ते दुसऱ्या ढिगातलं होतं.

एक चूक माझी. अळी साधारण आठ घरांची झाली आणि डबीतच कोष केला, मी तसाच राहू दिला. दहा-अकरा दिवसांनी फुलपाखरू निघालं, पण बाहेर आल्यावर पंख खाली लोंबकळत ठेवून पसरायला जागा लागते आणि या डबीची उंची चहाच्या पेल्याएवढी. पंख वाकडेच वाळले. वर्गात तीन पोरं रडली, मीही जवळपास. तेव्हा कोषाच्या आधी अळी बाहेर काढाच, आम्ही नंतर जेवणावर ठेवायच्या जाळीखाली आडवी-उभी काडी ठेवली आणि पुढची चार व्यवस्थित उडाली. एक मुलगा शेवटपर्यंत ठाम होता की नीलवंत निघणार, 2015 पासून आपलं राज्य फुलपाखरू ना ते, जीकेमध्ये पाठ केलेलं. निघालं काळं, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा, कॉमन मॉर्मन. तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

31 मुलांना सहा डब्या पुरतात, पाच गटांना पाच आणि एक फुटायला. वरच्या भोकांतून नुकती निघालेली अळी सटकते म्हणून पहिले चार दिवस मलमलचा तुकडा बांधा, आणि ओलं पान ठेवलं की आत वाफ धरते, रोज सकाळी पुसावी लागते. ते काम आमच्याकडे वर्गमंत्री करतो आणि त्याला हाजिरीपेक्षा ते जास्त आवडतं. पुस्तकाशिवाय नुसत्या डब्या कोणी 400 ला विकत असेल तर इथे लिहा, चौथीच्या सरांनाही हव्यात.