धुळ्यात बारमाही सायकल: कोणते गिअर आणि कपडे उपयोगी पडले, कोणते पडून राहिले

रोड सायकलीचे गिअर आणि कपडे यांविषयी जे मार्गदर्शन सहज वाचायला मिळते, ते बहुतांशी थंड, ओल्या आणि डोंगराळ मुलखातील सायकलस्वारांचे असते. तेथे पावसाची धास्ती आधी, मग थंडीची आणि मग चढाची. धुळ्यात सायकलस्वाराला सर्वांत जास्त दमवतो तो वारा आणि त्याच्या खालोखाल ऊन. पाऊस मोजके दिवस भेटतो आणि खरा घाट गाठायचा म्हणजे मुद्दाम बेत आखावा लागतो. त्यामुळे पैसे कोठे खर्च करावेत याचा हिशेबही येथे निराळा होतो. देवपुरातून अवधानच्या औद्योगिक वसाहतीत रोज जाणे-येणे, रविवारी लळिंग घाट किंवा साक्री रस्ता आणि क्वचित तोरणमाळ, एवढ्या वापरावर पुढील अभिप्राय आधारलेला आहे.

गिअरपासून सुरुवात करतो, कारण कपडे बदलणे स्वस्त असते आणि गिअर बदलणे महाग. सायकलीवर शिमानो कंपनीची सोरा श्रेणीची जोडणी, म्हणजे गिअरच्या भागांचा संच, आहे. पुढे पायडलपाशी ५० आणि ३४ दातांच्या दोन चेनरिंग (दातेरी कड्या), मागच्या चाकावर नऊ दातेरी चक्रांची ११-३२ कॅसेट. जोडणी म्हणून सोराविषयी माझे मत चांगले आहे. गिअर पडताना खळखळ होत नाही, पावसाळ्यानंतर एकदा केबल बदलली की वर्षभर फारसे पाहावे लागत नाही आणि सुटे भाग आटोक्यातल्या किमतीत मिळतात. प्रश्न जोडणीच्या दर्जाचा नसून कोणत्या दातांची कॅसेट लावावी याचा आहे.

११-३२ कॅसेटीतील चक्रे ११, १२, १४, १६, १८, २१, २४, २८ आणि ३२ दातांची असतात. २८ मिलिमीटरचे टायर धरले तर चाकाचा घेर सुमारे २.१४ मीटर भरतो. मिनिटाला पायडलचे ८० फेरे या सुखावह गतीने ५०/१८ वर (पुढे ५०, मागे १८ दात) ताशी साडेअठ्ठावीस किलोमीटरचा वेग मिळतो आणि त्याच्या खालच्या ५०/२१ वर साडेचोवीसचा. मधले काहीच नाही. वारा पडलेला असेल तर ही चार किलोमीटरची दरी जाणवत नाही. मात्र उन्हाळ्याच्या उत्तरार्धापासून श्रावणापर्यंत जो पश्चिमेचा वारा वाहतो, ज्याच्या भरवशावर साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तो तोंडावर घेऊन साक्रीकडे निघालेल्या माणसाला नेमका याच दरीत तासन्‌तास राहावे लागते. १८ वर मांड्या भरून येतात आणि २१ वर पाय नुसतेच भिरभिरतात.

या त्रासाचे कारण साधे आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि येथे वेग धरायचा तो रस्त्यावरचा नव्हे, अंगावर येणाऱ्या हवेचा. ताशी २५ किलोमीटरने जाणाऱ्यासमोर २० किलोमीटरचा वारा आला की अंगावरची हवा ४५ च्या वेगाने येते आणि विरोध सव्वातीन पट होतो. अशा वेळी वेग एक-दीड किलोमीटरने खाली घेण्याची सोय हवी असते. ती गिअरमध्ये नसेल तर तिची किंमत गुडघे मोजतात.

म्हणून रोजच्या वापरासाठी मी १२-२५ ची नऊ चक्रांची कॅसेट पसंत करतो. तिची चक्रे १२, १३, १४, १५, १७, १९, २१, २३ आणि २५ अशी असतात. म्हणजे त्याच ८० फेऱ्यांना ५०/१७ वर ३०, ५०/१९ वर २७ आणि ५०/२१ वर साडेचोवीस अशा जवळजवळच्या पायऱ्या मिळतात. साक्री रस्त्यावरचा १९ दातांचा हा गिअर मला संपूर्ण सायकलीतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. पुढे ३४ आणि मागे २५ हा सर्वांत हलका गिअर लळिंगच्या चढाला पुरेसा आहे, कारण तो महामार्गाचा घाट आहे आणि अवजड ट्रक चढावेत अशा बेताने त्याचा चढ राखलेला आहे. ११ दातांचे चक्र गेल्याची खंत करण्याचे कारण नाही. ५०/११ वर ९० फेरे मारल्यास ताशी ५२ किलोमीटरचा वेग होतो. नोकरीवर जाणाऱ्या माणसाला तो कशासाठी हवा?

तोरणमाळची गोष्ट वेगळी. समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवरच्या त्या पठाराकडे जाताना सातपायरी घाटाची वळणे लागतात आणि तेथे ११-३२ परत चढवावीच लागते. ३४/३२ वर मिनिटाला ७० फेरे मारत ताशी साडेनऊ किलोमीटरने माणूस न थांबता वर पोहोचतो. कॅसेट बदलण्यासाठी चेन व्हिप (कॅसेट फिरू न देणारा साखळीचा दांडा) आणि कॅसेट धरून ठेवणाऱ्या लॉकरिंगचा पाना एवढीच हत्यारे लागतात. लॉकरिंग ४० न्यूटन-मीटरला आवळायची असते आणि चेनची लांबी मोठ्या कॅसेटीला बेतूनच ठेवायची. दोन कॅसेट आलटून पालटून वापरताना चेन वेळेवर बदलणे मात्र कसोशीने पाळावे, मोजपट्टीवर ०.७५ टक्के झीज दिसताच नवी चेन घालावी, अन्यथा जास्त वापरातल्या कॅसेटीवर झिजलेली चेन दुसरीवर उड्या मारू लागते.

नवी सायकल घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. आठ चक्रांच्या स्वस्त ११-३४ कॅसेटीत शेवटची उडी २६ वरून थेट ३४ वर असते. घाटासाठी ती चालेल, वाऱ्यासाठी तिचा काही उपयोग नाही. आणि ज्यांचा सपाटीवरचा सरासरी वेग विशीच्या आसपास आहे, त्यांनी पुढे ५०/३४ दातांऐवजी ४६/३० दातांच्या क्रँकचा (चेनरिंग बसवलेल्या पायडलच्या दांड्याचा) जरूर विचार करावा. शिमानोच्या जीआरएक्स श्रेणीत ती मिळते. मात्र तिची चेनलाइन, म्हणजे चेन धावण्याची रेषा, अडीच मिलिमीटर बाहेर असल्याने पुढचा डिरेल्युअरही (चेन एका चेनरिंगवरून दुसरीवर सरकवणारा भाग) त्याच श्रेणीचा घ्यावा लागतो आणि खर्च वाढतो. ज्यांचे गुडघे कुरकुरतात किंवा जे कॅरिअरवर जड ओझे नेतात त्यांनी माझे १२-२५ चे कौतुक मनावर घेऊ नये.

आता कपडे. उन्हाळी कपड्यांवर सर्वाधिक विचार करावा असे मी म्हणेन, कारण मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ येथे सायकलस्वाराची खरी परीक्षा घेतो. हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, अधिक तापली की वारा अंगाला गार करत नाही, उलट उष्णता देतो; तेव्हापासून गारवा केवळ घाम वाळण्यातून मिळतो. म्हणूनच बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत उघडे हात ठेवून सायकल चालवण्यापेक्षा अंग झाकून चालवणे सुसह्य होते, आणि शेतात राबणारी माणसे डोक्याला रुमाल गुंडाळून पूर्ण बाह्यांचा सदरा का घालतात याचेही उत्तर त्यातच आहे.

दुकानदार या दिवसांसाठी अर्ध्या बाह्यांची, अंगासरशी बसणारी जर्सी पुढे करतात. ती मला फक्त सकाळी नऊपर्यंत उपयोगी वाटते. त्यानंतर पांढऱ्या किंवा अगदी फिकट रंगाची, पूर्ण बाह्यांची, पातळ विणीची पॉलिस्टर जर्सी हवी. ती नसेल तर जर्सीवर सुट्या बाह्या चढवाव्यात, त्या स्वस्त असतात आणि धुवायलाही सोप्या. कापडावर यूपीएफ ५० (ऊन अडवण्याचे मानांकन) असे लिहिलेले असेल तर उत्तम, पण तेवढ्यासाठी दुप्पट पैसे मोजावेत असे मला वाटत नाही. गडद रंग टाळावा, त्याची खूण कापडावरच उमटते: अवधानहून दुपारी परतल्यावर काळ्या जर्सीच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसतात आणि खिशाच्या शिवणीपाशी त्या बोटाला खरखरीत लागतात.

सुती कपड्याविषयी सायकलींच्या जगात जो तिटकारा आहे तो धुळ्याच्या उन्हाळ्याला लागू होत नाही. सुती कापड पाणी धरून ठेवते हा थंड प्रदेशात दोष आहे. येथील कोरड्या हवेत तोच गुण ठरतो. निघताना भिजवून पिळलेला सुती रुमाल मानेभोवती घेतला आणि बाटलीतले थोडे पाणी मधूनमधून त्याच्यावर ओतले, तर महागड्या ‘कूलिंग’ पट्टीने मिळणार नाही असा गारवा मिळतो. रुमालाची टोके मात्र जर्सीत खोचून घ्यावीत.

पावसाळी कपड्यांपैकी दहा हजार मिलिमीटर जलस्तंभाचे, म्हणजे पाण्याचा तेवढा दाब सोसण्याचे, मानांकन असलेले जॅकेट माझ्याकडे आहे आणि ते बहुतेक काळ खुंटीवरच असते. कंपनीचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण दोष कापडाचा नाही. असे जॅकेट घामाची वाफ बाहेर टाकते ते आतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा बरीच दमट आणि उबदार असेल तेव्हा. जुलैमध्ये बाहेरच अठ्ठावीस अंश आणि दमट हवा असल्यावर वाफेला जायला जागा राहत नाही आणि माणूस पावसाऐवजी घामाने भिजतो. धुळे पर्जन्यछायेत असल्याने सरी आखूड असतात. भिजावे, आणि कोरडा जोड पिशवीत न्यावा, हाच मार्ग बरा. पोंचो तर घेऊच नये, पश्चिमेच्या वाऱ्यात तो शिडासारखा फुगतो.

त्याऐवजी तेच पैसे मडगार्डवर खर्च करावेत. पावसाळ्यात शेतातून रस्त्यावर येणारे ट्रॅक्टर चाकांबरोबर काळी माती आणून डांबरावर पसरवतात आणि तिचे शिंतोडे पाठीपर्यंत उडतात. ऑफिसच्या शर्टावर पडलेला तो डाग सहजी निघत नाही. मडगार्ड आणि टायर यांत बोटभर तरी अंतर हवे. अंतर कमी असेल आणि चुकून कच्च्या रस्त्यावर सायकल उतरली, तर चिखल दोहोंच्या मध्ये थापला जातो, चाक फिरायचेच थांबते आणि काडीने कोरून तो काढावा लागतो. अनेक रोड सायकलींच्या फ्रेममध्ये एवढी जागाच नसते, म्हणून खरेदीपूर्वी हे पाहून घ्यावे.

थंडीला धुळ्याबाहेरचे लोक हसण्यावारी नेतात, पण डिसेंबर-जानेवारीत येथील कृषी महाविद्यालयात नोंदलेला पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. अडचण अशी की सकाळी आठ अंश असलेली हवा दुपारी तिसाला टेकते. त्यामुळे जाड स्वेटर किंवा आतून लोकर असलेली जर्सी निरुपयोगी. घरी परतताना ती पिशवीत कोंबावी लागते आणि पिशवी तिनेच भरते. बिनबाह्यांचे पातळ वाराप्रतिबंधक जाकीट, सुट्या बाह्या, कान झाकणारी पट्टी आणि पूर्ण बोटांचे हातमोजे, एवढ्यात हिवाळा निघतो, आणि हे सारे दुपारी जर्सीच्या मागच्या खिशांत मावते. गुडघे मात्र पंधरा अंशांच्या खाली झाकावेत. लळिंग उतरताना जाकीट हाताशी नसेल तर छातीशी वर्तमानपत्राची घडी घालण्याची जुनी युक्ती आजही तितकीच चालते.

पॅडच्या चड्डीविषयी थोडक्यात. शहरातल्या अर्ध्या तासाच्या जाण्या-येण्याला ती लागत नाही. साध्या पँटच्या उजव्या पायाला रबरी पट्टी बांधली की चेनचे काळे लागत नाही. तासाभरापेक्षा लांबच्या फेरीला मात्र खांद्यावर पट्टे असलेली बिब शॉर्ट घ्यावी, तिच्या आत दुसरी अंतर्वस्त्रे घालू नयेत आणि ती प्रत्येक फेरीनंतर धुवावी. पॅडची जाडी पाहून भुलू नये. फार जाड आणि मऊ पॅड तासाभरात चेपते आणि उन्हाळ्यात घाम धरून ठेवते. सलवार-कमीज घालून जाणाऱ्या भगिनींनी रोड सायकलीला चेनकव्हर नसते हे लक्षात ठेवून ओढणी घरी ठेवावी किंवा पाठीवर गाठ मारून घ्यावी.

पाठीवरची सॅक उन्हाळ्यात पाठ वाळू देत नाही, म्हणून फ्रेमला कॅरिअरचे आटे असलेली सायकल पाहावी आणि ओझे त्यावर टाकावे. सराटे आणि बाभळीचे काटे यांच्यासाठी टायरच्या आत जाड पट्टी घालणे हा वजन वाढवणारा, पण येथे परवडणारा उपाय आहे.

खरेदी कोठे करावी, याबाबत माझे मत असे की जर्सी, सुट्या बाह्या, दिवे आणि कॅसेट बिनधास्त ऑनलाइन मागवावीत, पण बिब शॉर्ट आणि बूट घालून पाहिल्याशिवाय घेऊ नयेत. त्यासाठी नाशिकची एक फेरी सार्थकी लागते. महामार्गावर पहाटे किंवा सायंकाळी जायचे असेल तर परावर्तक जाकिटाआधी घोट्यांना बांधायच्या परावर्तक पट्ट्या घ्याव्यात. पायडलबरोबर वरखाली होणारी ती चमक ट्रकचालकाला दुरूनच सायकल असल्याचे सांगते, आणि दोन पट्ट्यांची किंमत एका ट्यूबपेक्षा फारशी जास्त नसते.