मिस, मिसेस की मिझ? परदेशी मेलच्या पहिल्या ओळीत काय लिहावं

पिंपळगाव, निफाड, दिंडोरीकडून द्राक्षांचे कंटेनर युरोपला निघाले की पॅकहाउसच्या ऑफिसातल्या पोरापोरींना रोज इंग्रजी मेल लिहावे लागतात. भाव, पेट्यांचा हिशेब, रेसिड्यू रिपोर्ट (फवारणीच्या औषधांचे किती अंश उरले त्याचा) सगळं बिनचूक असतं. गाडी अडते ती पहिल्याच ओळीवर. समोर बाई असेल तर नावाआधी काय लावायचं? असे मेल तपासून देण्याचं काम मी करते, त्यामुळे या बाबतीत माझं मत पक्कं आहे.

मिसेस म्हणजे लग्न झालेली, मिस म्हणजे न झालेली. सौ. आणि कु. आपल्या अंगवळणी पडलेले असल्यामुळे ही जोडी हाताला पटकन येते. पण थॉमसन जातीच्या द्राक्षांचा कंटेनर बंदरावर पोचला का, एवढंच विचारायचं असताना बाईंच्या लग्नाची चौकशी कशाला? पुरुषाला मिस्टर लिहिताना आपण ती करत नाही. शिवाय अंदाज चुकला तर समोरची बाई काही बोलत नाही, पण तिला ते खटकतं.

म्हणून मिझ. हे लिहायचं एम-एस अशा दोनच अक्षरांत, आणि उच्चारताना शेवटी झ. लग्न झालेलं असो वा नसो, चालतं. ही कल्पना 1901 सालीच अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राने सुचवली होती, पण ती रुजली 1970 च्या दशकातल्या स्त्रीमुक्ती चळवळीत. न्यूयॉर्क टाइम्सने तर ती 1986 मध्ये स्वीकारली. आपल्याकडे काही जण मिझ लिहायला बिचकतात. श्रीमती म्हटलं की नवरा हयात नसेल, अशी मराठीत अनेकांची समजूत असते, आणि मिझलाही तोच अर्थ चिकटवला जातो. कुणी तो घटस्फोटितेसाठी आहे असं सांगतं. दोन्ही चूक. अडलं की मिझ लिहा. फक्त तिने स्वतः सहीत मिसेस लिहिलं असेल तर तेच ठेवा, तिथे आपलं तत्त्व चालवू नका. आणि डॉक्टर किंवा प्रोफेसर असेल तर आधी ते. (ब्रिटनमधल्या सर्जनचं मात्र उलटं आहे: तिथे सर्जन डॉक्टर न लावता मिस्टर, मिस, मिसेस किंवा मिझ लावतात.)

समोर बाई आहे की पुरुष हेच कळत नसेल तर? नावावरून ठरवायला जाल तर फसाल. यान हे नेदरलँड्समध्ये पुरुषाचं नाव, पण त्याच स्पेलिंगची जॅन इंग्लंडमध्ये बहुतेक वेळा बाई असते. आंद्रेआ इटलीत पुरुष, जर्मनीत बाई. रॉटरडॅमला माल पाठवणाऱ्याला ही नावं भेटतातच. अशा वेळी ‘डिअर’नंतर सरळ नाव-आडनाव पूर्ण लिहावं. ‘डिअर सर’पेक्षा हे शंभर पटीने बरं, कारण ‘डिअर सर’मध्ये निर्णय घेणारा पुरुषच असणार हे आपण गृहीत धरलेलं असतं. ‘डिअर सर ऑर मॅडम’ चालतं, पण नाव माहीत असताना ते लिहिणं म्हणजे नाव वाचायचे कष्ट घेतले नाहीत असं दिसतं. आपलं ‘शिंदे सर’, ‘जाधव मॅडम’ मात्र इथेच ठेवा, इंग्रजीत आडनावापुढे सर येत नाही.

नाशिकच्या गंगापूर धरणाकडच्या वायनरीत पाहुण्यांना वाइन चाखायला द्यायला उभ्या राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा, कारण तिथे बोलायचं असतं. देशी पाहुण्यांना सर-मॅम अगदी योग्य. अमेरिकन माणसालाही मॅम ओळखीचं, तरी काही बायकांना त्यात वय मोजल्यासारखं वाटतं. ब्रिटनमध्ये मॅम म्हणायचे ते राणीला, किंवा पोलीस-सैन्यातल्या वरिष्ठ बाईंना, दुकानात मॅडम. सगळ्या टेबलाला एकदम बोलायचं असेल तर ‘लेडीज अँड जंटलमेन’ऐवजी ‘गुड आफ्टरनून, एव्हरीवन’ म्हणा. लंडनच्या भूमिगत रेल्वेनेही 2017 पासून घोषणांमध्ये हाच बदल केला.

बाईसाठीच्या नामांत वुमन सगळ्यात निर्धोक. लेडी आदरार्थी वाटतो, पण ‘लेडी डॉक्टर’, ‘लेडी मॅनेजर’ लिहिलं की खरा डॉक्टर पुरुषच, असा सूर लागतो. नुसतं डॉक्टर पुरे. ऑफिसातल्या चाळिशीच्या सहकाऱ्यांना ‘अवर गर्ल्स’ म्हणू नका. ‘अ फीमेल’ हे तर पंचनाम्यातलं वाटतं.

हुद्द्यांमध्ये वाद कमी आहे. एअर होस्टेसच्या जागी केबिन क्रू रुळलंय, अ‍ॅक्टर दोघांनाही चालतं, क्रिकेटच्या नियमांत 2021 पासून बॅट्समनचा बॅटर झालाय. आपल्या सोसायट्यांत आणि सहकारी बँकांत बाई निवडून आल्या तरी इंग्रजी लेटरहेडवर चेअरमनच छापलं जातं. कंपनी कायदा 2013 मध्येही काही ठिकाणी चेअरपर्सन हा शब्द आहे. पुढची छपाई करताना तोच घ्या.

राहिलं एमएक्स, उच्चार मिक्स किंवा मक्स. स्वतःला बाई किंवा पुरुष यांपैकी एकात बसवून न घेणाऱ्यांसाठी ते आहे आणि 2015 मध्ये ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आलं. समोरच्याने स्वतः तसं लिहिलं असेल तर उत्तरात नक्की वापरा. आपण होऊन कुणाला लावू नका. तिथे पूर्ण नावच लिहा.