ॲशमधला भुंगेरा: खोडावरची छिद्रे शोधावीत की फांदी सोलून पाहावी?

आवारात ॲशचे झाड आहे आणि ‘एमराल्ड ॲश बोरर’ या हिरव्या भुंगेऱ्याची शंका येते आहे, अशा मिशिगन-ओहायोकडच्या मराठी घरमालकापुढे दोन मार्ग असतात. मी दोन्ही करून पाहिले आहेत.

पहिला मार्ग भुंगेऱ्याने बाहेर पडताना सालीला पाडलेली छिद्रे शोधण्याचा. तो फुकटचा आहे आणि झाडालाही इजा होत नाही. तीन-चार मिलिमीटरचे, एक बाजू सपाट असलेले, इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखे छिद्र दिसले की शंकेला फारशी जागा उरत नाही. पण ॲशच्या जून सालीला जाळीदार भेगा असतात आणि स्थानिक खोडकिड्यांची गोल वा लंबगोल भोकेही तिथेच असतात. शिडीवर उभे राहून, हातात भिंग घेऊन, ही कड खरोखर सपाट आहे की नुसता सालीचा टवका उडाला आहे, याचा निवाडा करता करता मी अगदी वैतागलो. त्यातून हा किडा बहुधा वरच्या फांद्यांपासून सुरुवात करतो, त्यामुळे छिद्रे डोळ्यांच्या उंचीवर येईपर्यंत शेंडा वाळू लागलेला असतो. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ तो ओळखला गेला, तेव्हाही तो तिथे काही वर्षे मुरलेलाच होता.

दुसरी पद्धत कॅनडाच्या वनसंशोधकांची आहे. झाडाच्या मधल्या उंचीवरच्या, पाच ते आठ सेंटिमीटर जाडीच्या किमान दोन फांद्या कापायच्या आणि बुंध्याकडचा अर्धा मीटर भाग पातळ पापुद्र्यांनी सोलत जायचा. आमच्या झाडाच्या खोडावर निर्विवाद म्हणावे असे एकही छिद्र नव्हते. फांदीच्या सालीखाली मात्र बारीक भुशाने गच्च भरलेली नागमोडी वाट निघाली आणि तिच्या टोकाशी या भुंगेऱ्याची चपटी, मलईच्या रंगाची अळी. या पद्धतीला खर्च येतो, झाडावर चढणारा जाणकार लागतो, आणि फांदी स्वच्छ निघाली म्हणून झाड निर्धोक ठरत नाही, हे मान्य करायलाच हवे.

तरीही एमामेक्टिन बेन्झोएट या कीटकनाशकाचे झाडाला दिलेले इंजेक्शन शेंडा साधारण ३० टक्क्यांहून कमी विरळ झालेला असतानाच भरवशाचे असते, हे लक्षात घेता माझा कल फांदीकडे झुकतो. शेंडा निम्म्याहून अधिक गेला असेल, तर सोलण्याचा खटाटोप नको. सुतार पक्ष्याने साल खरवडून उंचावर फिकट पट्टे पाडले असतील, तर मात्र छिद्रांची वाट न पाहता सप्टेंबर ते मे या काळातल्या छाटणीतच दोन फांद्या मागून घ्याव्यात.